ऑक्टेव्हियाने ओळखलं का? एका विज्ञानलेखिकेच्या कारकिर्दीतलं एक प्रकरण

गेल्या वर्षभरात विज्ञानावर मराठीत लिहायला लागलेल्या तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की प्राण्याबद्दल लिहिताना 'त्याला वाटलं', 'ती चिडली', 'त्याने ओळखलं' असं लिहायचं का नाही? दर वेळी मी फोनवर काहीतरी अर्धवट बोलले आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. नियम सांगून हे कळत नाही असं माझं मत झालंय, त्यापेक्षा एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून बघावं. म्हणून हे साय माँटगोमेरी यांचं प्रकरण. अमेरिकेतल्या लेखिका, प्राणी आणि प्राण्यांचं मन या विषयाला त्यांनी अख्खं आयुष्य दिलंय, आणि वयाच्या ५३ व्या वर्षी बोस्टनच्या मत्स्यालयात एका ऑक्टोपसच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या त्याआधीची सगळी वर्षं जणू त्या टाकीपर्यंत पोचायची तयारी होती असं मला वाटतं.

आधी त्या तयारीबद्दल, कारण ती कळल्याशिवाय टाकीपाशी काय झालं ते कळणार नाही.

जन्म १९५८ चा, जर्मनीत फ्रँकफर्टला, वडील अमेरिकन सैन्यात मोठ्या हुद्द्यावर. सिरॅक्यूज विद्यापीठात पत्रकारिता, फ्रेंच आणि मानसशास्त्र असं तिन्ही शिकल्या, १९७९ ला पदवी घेतली, आणि पुढे न्यू जर्सीतल्या एका दैनिकात विज्ञान-पर्यावरणाची बातमीदारी करायला लागल्या. नोकरी बरी चालू होती. मग वडिलांनी ऑस्ट्रेलियाचं तिकीट भेट दिलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ब्रूकफील्ड नावाच्या राखीव रानात केसाळ नाकाच्या वोंबॅटचा, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका थैलीवाल्या प्राण्याचा, अभ्यास चालू होता, तिथे त्या स्वयंसेवक म्हणून गेल्या, आणि तिथल्या शास्त्रज्ञ बाईंना ही मुलगी इतकी आवडली की त्या म्हणाल्या, पगार काही देऊ शकत नाही, पण परत येऊन इथल्या कशाचाही अभ्यास करायचा असेल तर तंबूला जागा आणि दोन वेळचं जेवण देईन. माँटगोमेरी घरी परतल्या, राजीनामा दिला, आणि तंबूत राहायला गेल्या.

तिथे त्यांना तीन एमू भेटले, शहामृगासारखे उंच, न उडणारे पक्षी. एकाच्या पायाला जुनी दुखापत, एकाच्या गळ्यावर पिसांचा पॅच गेलेला, एकाचं डोकं इतरांपेक्षा काळं. एवढ्या खुणांवरून त्यांना वेगवेगळं ओळखायचं आणि दिवसभर त्यांच्या मागे चालायचं, काय खातात, कधी बसतात, पिसं कधी साफ करतात ते लिहून ठेवायचं. आणि एक गोष्ट त्यांनी केली ती मला फार महत्त्वाची वाटते: त्या रोज तेच कपडे घालायच्या. वडिलांचं जुनं लष्करी जॅकेट, जीन्स, लाल रुमाल. कारण काय, तर आपण त्यांना खुणेवरून ओळखतो तसं त्यांनाही आपल्याला ओळखता आलं पाहिजे. म्हणजे बघा, एमूला ओळख असते का, लक्षात ठेवतो का, यावर चर्चा करत बसण्याऐवजी या बाईंनी स्वतःचे कपडे बदलणं थांबवलं. ओळख असलीच तर तिला वाव मिळेल, नसली तर बिघडलं काहीच नाही.

पुढची पंचवीस वर्षं मी भराभर सांगते. न्यू हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात लेखक नवऱ्यासोबत घर केलं, बोस्टन ग्लोबमध्ये निसर्गावर सदर लिहिलं. १९९१ ला पहिलं पुस्तक आलं, ते चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटानच्या सोबत आयुष्य काढलेल्या तीन बायकांवर, जेन गुडाल, डायान फॉसी आणि बिरुटे गाल्डिकास. मग सुंदरबन. हो, आपलं बंगालचं सुंदरबन, माणसं खाणाऱ्या वाघांसाठी. तिथे बंगाली येत नसताना दुभाष्याला घेऊन त्या होडीतून हिंडल्या, आणि मध काढणाऱ्या, मासे धरणाऱ्या लोकांनी रानाची देवी बोनबीबी आणि वाघाचं रूप घेणारा दक्षिण राय यांच्याबद्दल जे सांगितलं ते त्यांनी 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारून बाजूला ठेवलं नाही, वाघाबरोबर रोज जगणाऱ्यांचं वाघाबद्दलचं ज्ञान म्हणून ऐकलं. ते पुस्तक १९९५ चं. नंतर ॲमेझॉनचे गुलाबी डॉल्फिन, आग्नेय आशियातली अस्वलं, आणि घरी पाळलेलं एक डुक्कर, जे आणलं तेव्हा अशक्त पिल्लू होतं आणि १४ वर्षं जगलं. मधे मुलांसाठीची पुस्तकं, शास्त्रज्ञांच्या बरोबर रानात जाऊन लिहिलेली, त्यातल्या न्यूझीलंडच्या काकापो पोपटावरच्या पुस्तकाला २०११ चं सायबर्ट पदक, मुलांसाठीच्या माहितीपर पुस्तकांना अमेरिकेत दिलं जाणारं, मिळालं.

नीट बघितलं तर एक गोष्ट दिसते. वानर, वाघ, डॉल्फिन, डुक्कर, हे सगळे आपल्याच घराण्यातले, सस्तन. चेहरा असतो, डोळे आपल्यासारखे, पिल्लाला दूध पाजतात. त्यांना मन आहे असं म्हणणं त्यामानाने सोपं जातं. ऑक्टोपसला यातलं काहीच नाही.

टाकीपाशी

२०११ चा वसंत, बोस्टनचं न्यू इंग्लंड ॲक्वेरियम. ऑक्टोपसची देखभाल करणाऱ्याने टाकीचं जड झाकण उचललं आणि माँटगोमेरींनी बर्फासारख्या गार पाण्यात हात घातले. आत अथेना नावाची पॅसिफिक महासागरातल्या राक्षसी जातीची ऑक्टोपस मादी होती. ती सरकत वर आली, एक-एक हात पाण्याबाहेर काढून त्यांच्या मनगटाला, मग कोपरापर्यंत चिकटवत गेली. ऑक्टोपसच्या हातावर वाट्यांसारखे चूषक असतात, शेकड्यांनी, आणि ते नुसते पकडत नाहीत तर चवही घेतात (चूषकांमधले चव ओळखणारे रेणू नेमके कसे काम करतात ते हार्वर्डच्या प्रयोगशाळेने २०२० ला दाखवलं). म्हणजे कुणीतरी तुमचा हात धरलाय, ओढतंय, आणि त्याच वेळी तुम्हाला चाखून बघतंय. माँटगोमेरींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर हाताखालची लालसर तपकिरी कातडी पांढरी होत गेली. निवांत असलेला ऑक्टोपस पांढरा पडतो हे त्यांना नंतर कळलं. हातावर चूषकांचे गोल डाग घेऊन त्या घरी गेल्या.

अथेना काही महिन्यांत गेली. या जातीचं आयुष्यच तीन ते पाच वर्षांचं. माँटगोमेरी रडल्या, आणि तसं त्यांनी लिहिलंही. त्या भेटींवरचा त्यांचा लेख २०११ च्या शेवटी ओरायन या छोट्या मासिकात आला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. मासिक छोटं, पान जाहिरातींशिवाय, आणि विषय एका गोगलगायीच्या भाऊबंदाचं मन. तरी लोकांनी वाचला, एकमेकांना पाठवला.

इथे कुणीही लेखक थांबला असता, कारण लेख गाजला होता, ऑक्टोपस गेला होता, गोष्ट पूर्ण झाली होती. या बाई थांबल्या नाहीत, त्या घरापासून बोस्टनला पुन्हा-पुन्हा येत राहिल्या, नवीन आलेल्या ऑक्टेव्हियाला भेटायला.

ऑक्टेव्हिया सुरुवातीला फिरकेचना. अथेनापेक्षा वयाने मोठी असताना समुद्रातून पकडून आणलेली, टाकीच्या कोपऱ्यात बसून राहायची. आठवड्यांमागून आठवडे माँटगोमेरी यायच्या, हात पाण्यात धरून बसायच्या आणि तशाच परत जायच्या. मग एक दिवस ती आली. आणि एकदा आली ती अशी की, रेडिओवाले रेकॉर्डिंगला आले होते, पाच-सहा मोठी माणसं टाकीवर वाकून तिचे चूषक आपापल्या हातावर अनुभवत होती, प्रत्येकाला वाटत होतं ती माझ्याशी खेळतेय, आणि तेवढ्या वेळात तिने एका हाताने माशांची बादली पळवली होती. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ऑक्टोपसच्या साधारण ५० कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास हातांमध्येच असतात हे वाचणं वेगळं आणि सहा जणांच्या नाकाखालून बादली जाणं वेगळं.

त्याच मत्स्यालयात एक निवृत्त इंजिनिअर स्वयंसेवक म्हणून यायचे, त्यांनी ऑक्टोपससाठी पारदर्शक पेट्या बनवल्या होत्या, पेटीत पेटी, प्रत्येकीची कडी वेगळ्या तऱ्हेची, सगळ्यात आत जिवंत खेकडा. ऑक्टोपस त्या उघडायला शिकायचे. हे मी मुद्दाम सांगते, कारण या प्रकरणात ज्ञान फक्त पदवीवाल्यांकडून आलेलं नाही, हातात बादली घेऊन वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसांकडूनही आलंय, आणि लेखिकेने दोघांना सारखं ऐकलं.

मग ऑक्टेव्हियाने अंडी घातली. नर नव्हता, अंडी फळलेली नव्हती, पण तिला काय माहीत, किंवा माहीत होतं का नव्हतं तेच आपल्याला माहीत नाही. तिने टाकीच्या छतावरून लोंबणाऱ्या पांढऱ्या सरींवर हात फिरवत, पाणी फुंकत, कित्येक महिने राखण केली. माणसांकडे येणं बंद. माँटगोमेरी काचेसमोर उभ्या राहून बघायच्या, बस्स.

आता मूळ प्रसंग. ऑक्टेव्हिया म्हातारी झाली, एक डोळा सुजला, म्हणून तिला प्रदर्शनाच्या टाकीतून काढून मागच्या बाजूच्या पिंपात हलवलं. अंडी राहिली तिकडेच. माँटगोमेरी आणि ते स्वयंसेवक तिला बघायला गेले, पिंपाचं झाकण उघडलं. इतके महिने माणसाला हात न लावलेली, थकलेली ऑक्टेव्हिया तळातून वर आली, दोघांच्या हातांना चूषक लावले, आणि बराच वेळ तशीच धरून राहिली. लेखिकेच्या सांगण्याप्रमाणे तिचं लक्ष समोर धरलेल्या खाण्यापेक्षा हातांकडेच होतं. थोड्याच दिवसांनी ती मेली.

माँटगोमेरींनी लिहिलं की तिने आम्हाला ओळखलं.

हे वाक्य लिहायचा हक्क त्यांना होता का? माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा जीव या एका प्रश्नात आहे.

शंका काढून बघू

पहिली शंका अगदी सरळ, की ती भुकेली होती. अंडी राखणारी मादी फार थोडं खाते, अंड्यांपासून दूर केल्यावर भूक परत आली असेल. दुसरी, की नवीन जागा, नवीन पाणी, अंधारं पिंप, झाकण उघडल्यावर कुठलाही ऑक्टोपस वर येऊन चाचपणी करेल, कोण आलंय याच्याशी संबंध नाही. तिसरी शंका जास्त खोलातली: म्हातारपणी ऑक्टोपसचं वागणं बिघडतं, ते भरकटल्यासारखे उघड्यावर फिरतात, त्यामुळे शेवटच्या दिवसांतल्या वागण्याला अर्थ चिकटवणं धोक्याचं. आणि चौथी म्हणजे लेखिका स्वतः. जिला ओळखलं जावं अशी मनापासून इच्छा आहे तिला ओळख दिसणारच.

या शेवटच्या भीतीला मोठा इतिहास आहे. १९०४ मध्ये बर्लिनला फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा, तज्ज्ञांची समिती बसली तिलाही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टने चिकाटीने तपासलं आणि १९०७ ला दाखवून दिलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही, तो विचारणाऱ्याच्या डोक्याच्या बारीकशा हालचालीवर खूर थांबवत होता. तेव्हापासून प्राण्याच्या मनाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मागे हा घोडा उभा असतो. मला मात्र नेहमी वाटतं की हान्सचा धडा अर्धाच शिकवला जातो. गणित येत नव्हतं हे खरं, पण स्वतः माणसांना माहीत नसलेल्या त्यांच्या हालचाली वाचणारा तो घोडा कमी होता का?

बरं, शंका काढल्या, आता दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. सिएटल मत्स्यालयातले रोलंड अँडरसन आणि कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या जेनिफर माथर यांनी याच राक्षसी जातीच्या आठ ऑक्टोपसांवर एक साधा प्रयोग केला, २०१० ला छापून आला. दोन माणसं, दोघांना एकसारखा गणवेश. एक रोज खायला द्यायचा, दुसरा टोचऱ्या ब्रशच्या काठीने डिवचायचा. दोन आठवड्यांत ऑक्टोपस दोघांत फरक करायला लागले, नुसतं वरून माणूस बघून, ना खाणं हातात ना काठी. त्याआधी १९९३ ला याच दोघांनी ४४ लाल ऑक्टोपस तपासून दाखवलं होतं की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो, कोणी धीट, कोणी बुजरा, कोणी चटकन उसळणारा. आणि १९९९ ला रिकाम्या गोळ्यांच्या बाटल्या टाकीत सोडल्या तर आठातल्या दोघांनी ती बाटली पाण्याच्या फवाऱ्याने ढकलायची, प्रवाहाबरोबर परत येऊ द्यायची, परत ढकलायची, असं खेळल्यासारखं केलं.

म्हणजे ही जात माणूस ओळखू शकते याला पुरावा आहे. ऑक्टेव्हियाने त्या दिवशी त्या दोघांना ओळखलं याला तसा पुरावा नाही. इतक्या महिन्यांनंतर ओळख टिकते का, हे त्या प्रयोगात तपासलेलंच नव्हतं. मधे एक फट आहे, आणि ती फट लेखिकेने स्वतःच्या अंदाजाने भरली.

मग मी कुणाच्या बाजूने? मी लेखिकेच्या बाजूने आहे, आणि का ते सांगते. त्यांनी फट लपवली नाही. वाचकाला ऑक्टेव्हिया सुरुवातीला किती आठवडे आली नाही ते माहीत आहे, तिच्या अंड्यांचे महिने माहीत आहेत, डोळा सुजलेला माहीत आहे, पिंपात कुणाचे हात होते ते माहीत आहे. वर मी ज्या शंका काढल्या त्यातल्या निम्म्या काढायला लागणारा माल मला त्यांच्याच लिखाणातून मिळाला. ज्या लेखकाच्या विरुद्ध वाद घालायला त्याच्याच पानांतून पुरावे मिळतात तो लेखक प्रामाणिक असतो असं मी मानते. 'तिने ओळखलं' हे वाक्य त्यांनी पहिल्या भेटीनंतर लिहिलं असतं तर मी पुस्तक बंद केलं असतं. ते वाक्य आलं तेव्हा त्यांच्या मागे त्या टाकीपाशी घालवलेले कितीतरी दिवस होते आणि आणखी मागे त्या लष्करी जॅकेटमधले ऑस्ट्रेलियातले महिने.

आणि त्यांनी फक्त टाकीवर भागवलं नाही. पन्नाशी उलटल्यावर स्कूबा डायव्हिंग शिकल्या, फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर माथर आणि ऑक्टोपसचे अभ्यासक डेव्हिड शील यांच्या टीमबरोबर रानटी, म्हणजे समुद्रातल्या मोकळ्या ऑक्टोपसांची बिळं शोधत फिरल्या. या सगळ्यावरचं 'द सोल ऑफ ॲन ऑक्टोपस' हे पुस्तक २०१५ ला आलं, अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत गेलं.

मला जिथे खटकतं

एक जागा आहे जिथे माझं समाधान होत नाही, आणि ती लपवून हे प्रकरण पूर्ण होणार नाही. ऑक्टेव्हियाच्या वेळीच काली नावाची तरुण ऑक्टोपस आली होती. हो, काली, आपल्याच देवीचं नाव. खेळकर, माणसांच्या तोंडावर पाणी उडवणारी, सगळ्यांची लाडकी. ती दिवसेंदिवस वाढत होती आणि पिंपात राहत होती. शेवटी मोठी टाकी तयार झाली, तिला हलवलं, सगळे खूश, आणि त्याच रात्री एका छोट्याशा फटीतून ती बाहेर पडली. सकाळी जमिनीवर सापडली. वाचवता आली नाही.

माँटगोमेरींनी हे सगळं लिहिलंय, त्या लोकांचं दुःखही लिहिलंय, आणि ते खरं आहे, ज्यांनी तिला रोज हाताने भरवलं त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. पण जिच्या अंगात हाड नाही, जी कुलपं उघडते, जिला मन आहे असं आपणच पानोपानी सांगतोय, तिला पिंपात का ठेवायचं हा प्रश्न तिथे जितका रोखून विचारायला हवा होता तितका विचारला गेलेला नाही असं मला वाचताना वाटलं. मैत्री लेखकाला आत नेते, आणि मग आतल्या माणसांना दुखावणारा प्रश्न जिभेवर येऊन थांबतो. हे कुठल्याही बीटवर काम केलेल्याला समजेल. पोलिसांची बातमीदारी करणाऱ्याचं होतं, सिनेमावर लिहिणाऱ्याचं होतं, प्राण्यांवर लिहिणाऱ्याचंही होतं.

याच काळात ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ पीटर गॉडफ्री-स्मिथ जर्व्हिस बेमधल्या मोकळ्या ऑक्टोपसांच्या वस्तीत डुबकी मारून बसत होते, तिथे टाकी नाही, झाकण नाही, ऑक्टोपसला वाटलं तर येणार नाहीतर नाही. त्यांच्या लिखाणात अंतर जास्त आहे, ऊब कमी. मला दोन्ही लागतात. पण ओळखीचा प्रश्न असेल तर मी माँटगोमेरींकडे जाईन, आणि पिंजऱ्याचा असेल तर गॉडफ्री-स्मिथ यांच्याकडे.

पुढे काय झालं तेही सांगते, त्या पुस्तकामुळे झालं असा माझा दावा नाही. २०२१ मध्ये शास्त्रज्ञ रॉबिन क्रुक यांच्या प्रयोगांनी दाखवलं की ऑक्टोपसला जिथे वेदना झाली ती जागा तो नंतर टाळतो, आणि जिथे वेदना थांबवणारं औषध मिळालं ती जागा पसंत करतो. त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या टीमने ३०० हून जास्त अभ्यास चाळून सरकारला अहवाल दिला आणि २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात ऑक्टोपस, माकुल, खेकडे, शेवंड हे सगळे संवेदना असलेले प्राणी म्हणून नोंदले गेले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी ऑक्टोपसच्या शेतीवर बंदी घातली, हा धंदा तिथे सुरू व्हायच्या आधीच. अहवालातल्या ३०० अभ्यासांना जे जमत नाही ते काम मात्र अशी पुस्तकं करतात, म्हणजे कायद्याची बातमी आल्यावर लोकांना तो प्राणी कोण ते आधीच माहीत असतं.

आपल्याकडे हे वाक्य फुकट मिळतं

आता ज्यांनी मला प्रश्न विचारला त्यांच्यासाठी. इंग्रजीत लिहिणाऱ्याची लढाई वेगळी आहे. त्यांच्याकडे प्राण्यासाठी निर्जीव वस्तूचं सर्वनाम आहे, 'इट', 'ती' म्हणायचं ठरवलं की तिथेच भूमिका घेतली जाते. आपल्याकडे खार ती, उंदीर तो, मांजर ते, आणि खुर्चीसुद्धा तीच. आपल्या व्याकरणात हा प्रश्नच येत नाही. (ऑक्टोपस मराठीत 'तो' होतो, त्यामुळे ऑक्टेव्हियासाठी 'ती' लिहिताना मला दर वाक्याला थांबावं लागलं, हे मात्र खरं.) आणि वर आपल्यावर संस्कार असे की नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, एकनाथांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात घातलं. प्राण्याला जीव आहे, आत्मा आहे, हे आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही. या गोष्टी मला जिवापाड प्रिय आहेत. पण लिहिणाऱ्याला त्यांच्यामुळे एक सवय लागते, 'कुत्र्याला वाईट वाटलं' असं लिहून मोकळं व्हायची, कुत्रा नेमकं काय करत होता ते न बघताच. त्यांना जे वाक्य भांडून मिळवावं लागतं ते आपल्याला बसल्या जागी मिळतं, आणि म्हणून ते आपल्याकडे पोकळ राहतं.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी कावळ्यांवर लिहिलं होतं, त्यात वाक्य होतं, 'कावळा संतापला.' छापून आलं तेव्हा त्याचं 'कावळ्याने आक्रमक वर्तन प्रदर्शित केले' झालं होतं. मी खूप चिडले होते, चार दिवस. आता ती जुनी वही काढून बघितली तर कळतं की आम्ही दोघंही चुकलो होतो, मी आणि संपादक. वहीत लिहिलेलं असं: पिल्लू खाली पडलंय. मी त्या बाजूने गेले. कावळा तीनदा डोक्याजवळून गेला, चोच लावली नाही. मग परत फांदीवर बसला आणि चोचीने सालीचे तुकडे काढून खाली टाकत राहिला, माझ्याकडे बघत. हे लिहायला हवं होतं! सालीचे तुकडे. वाचकाने स्वतःच म्हटलं असतं, संतापलाय. माझं वाक्य आणि त्यांचं वाक्य, दोन्हींत साल गेली.

म्हणून जिने सगळ्यात शेवटी मला फोन केला त्या मुलीला मी एकच काम दिलं. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला खळग्यांमध्ये छोटे ऑक्टोपस दिसतात, शहरातले हौशी अभ्यासक हल्ली त्यांच्या नोंदी ठेवतात, तिला त्यावर लेख लिहायचा होता. मी म्हटलं पाच ओहोट्या जा, दर वेळी तीच चप्पल घाल, वहीत दोन रकाने आख, डावीकडे काय दिसलं, उजवीकडे तुला काय वाटलं, आणि डावीकडचा भरल्याशिवाय उजवीकडे पेन न्यायचं नाही. पहिल्या दोन ओहोट्यांना काही दिसलं नाही, ती वैतागली. तिसऱ्या वेळी तिने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला, कागद ओला होऊन सुकलेला, शाई पसरलेली. डावीकडे लिहिलंय: सकाळी ६:४०. दगडाच्या फटीत, रंग दगडासारखाच. मी ११ मिनिटं हलले नाही. एक हात बाहेर आला, चपलेच्या अंगठ्याला लागला, आत गेला. परत आला, तिथेच लागला, या वेळी जास्त वेळ. मग लाट.

उजवा रकाना तिने अजून कोरा ठेवलाय, चौथी ओहोटी परवा आहे.